बायकांचं राज्य म्हणे!

आज सकाळी चहा व्हायच्या आत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील येऊन पडलं. 'मेघालयात बायकांचं राज्य, बिचारे नवरे!' खाली हसून हसून रडणारे इमोजी. पाठवणारे आमच्या नात्यातले एक काका. वडिलांचं तेरावं होतं न होतं तोच यांनी दोन्ही बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, साडीचोळी देऊन. मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत हक्क महाराष्ट्राने 1994 ला दिला, देशाने 2005 ला. पण काकांचा जीव तुटतोय कुणासाठी, तर खासी जावयांसाठी! (खासी ही मेघालयातली जमात, तिथे कूळ आईकडून चालतं.)

शिलाँगला मी ज्या घरी उतरले होते तिथली मालकीण घरातली सगळ्यात धाकटी मुलगी, म्हणजे खद्दुह. आईचं घर, कुळाची जमीन, सगळं खद्दुहकडे येतं. पानसुपारी पुढे करत ती हे सांगत होती आणि मी मनात म्हणतेय, काय नशीब काढलंय! मग कळलं, तिला बंगळुरूला नोकरी लागली होती. गेली नाही. मोठी बहीण गेली. हिच्या गळ्यात म्हातारी आई, बिनलग्नाचा मामा, संसार मोडून परत आलेला भाऊ. घर हिचं, पण विकायचं मनात आलं तर मामालोकांना विचारा. याला राज्य म्हणतात होय?

आईकडून कूळ चालवणारे दुसरे म्हणजे इंडोनेशियातल्या सुमात्राच्या पश्चिमेकडचे मिनांगकाबाऊ. जगातला सगळ्यात मोठा मातृवंशीय समाज, आणि पक्के मुसलमान. (हे सांगितलं की ग्रुपवर शांतता पसरते.) शेतं आणि रेड्याच्या शिंगांसारख्या छपरांची ती मोठी घरं बायकांकडे, मुलगे वयात आले की नशीब काढायला परमुलखात. इंडोनेशियात जाल तिथे पाडांगची (हे त्यांच्याकडचं शहर) खानावळ दिसते ती या लोकांमुळे. देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा त्यांच्यातलेच. कुळाची जमीन विकायची नाही, आणि गहाण टाकायला रूढीने कारणं दिलीत चार: घरात मयत पडलंय, उपवर मुलीचं लग्न रखडलंय, मोठं घर गळतंय, कुळाचा प्रमुख गादीवर बसवायचाय. मुलीला परदेशी शिकायला जायचंय, हे काही त्यात नाही.

एका समाजाने पोरगे बाहेर धाडून आपली रीत टिकवली, दुसऱ्याला धास्ती बाहेरून येणाऱ्या जावयाची. खासी हिल्सच्या स्वायत्त जिल्हा परिषदेने 2018 मध्ये विधेयकच आणलं, बिगरखासीशी लग्न केलेल्या बाईचं खासीपण काढून घ्यायचं. कूळ बाईच्या नावाने चालतं ना, मग पहारा पण तिच्यावरच! वैताग येतो.

पण दोन्हीकडे कीड लागलीय ती पगाराची. रूढी चालते आईकडून आलेल्या जमिनीवर. स्वतः कमावलेलं? सुमात्रात त्याला शरियतची वाटणी, मुलाला मुलीच्या दुप्पट. मेघालयात 1984 च्या कायद्याने स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्र करून हव्या त्याला देता येते. आता पैसा आहे कुठे? जकार्तातल्या फ्लॅटमध्ये, बंगळुरूच्या पगारात. रूढीला कुणी हात लावत नाही, फक्त तिच्या ताब्यात दर पिढीला कमी कमी उरतं. माझी मालकीण छप्पर शाकारतेय आणि बहिणीच्या खात्यात पगार जमा होतोय.

मान्य, खासी पुरुषांची घुसमट खोटी नाही. 1990 पासून त्यांची संघटनाही आहे. सासरी राहायचं, पोरांना बायकोच्या कुळाचं नाव, घरात शब्द मेव्हण्याचा. असेल त्रास. आमच्या आज्या-पणज्यांना कुणी संघटना काढून दिली नव्हती.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. शिलाँगच्या त्या मालकिणीला मी विचारलं होतं, बहिणीशी अदलाबदल करशील? म्हणाली, "या घरातून मला कोणी जा म्हणू शकत नाही. ते सोडून बंगळुरूत भाड्याने कशाला राहू? फक्त बहिणीने रोज फोन करण्यापेक्षा महिन्याला पैसे पाठवावेत." माझ्या ओळखीत घटस्फोटानंतर माहेरी 'चार दिवस' राहायला गेलेल्या बायका आहेत. पाचव्या दिवशी वहिनीच्या भांड्यांचा आवाज वाढतो. तिच्या घरात तो प्रश्नच नाही. एवढ्यासाठी मला तिचा हेवा वाटतो, अजूनही वाटतो.

आणि ते राज्य? खासी गावांच्या दरबारात, म्हणजे गावाच्या सभेत, परंपरेने बायकांना बसायची सोय नव्हती. 2023 ला मेघालय विधानसभेच्या 60 जागांवर निवडून आल्या 3 बायका.

'आमच्याकडे पण सगळं सासूच चालवते' असं कमेंटमध्ये लिहायला येणाऱ्यांनी आधी घरचा सातबारा काढून त्यावरची नावं वाचावीत, मग यावं.