फायरफॉक्सला शिव्या देण्याआधी : अभ्यासिकावाल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

(सही तुम्हीच ‘अभ्यासिकावाले काका’ अशी केलीत, म्हणून काका.) उत्तराला उशीर झाला. गुरुवारी आमच्याकडे कोथरूडात दिवसभर लाइट नव्हती, आणि मोबाइलवरून दोन ओळी खरडून वाटेला लावावी अशी तुमची प्रतिक्रिया नव्हती.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांची सदाशिव पेठेत अभ्यासिका आहे आणि जागा नोंदवायचा फॉर्म त्यांनी स्वतः लिहिलाय. बटण दोनदा दाबलं जाऊ नये म्हणून क्लिक होताच ते डिसेबल (करडं, न दाबता येणारं) व्हायचं, आणि मग क्रोममध्ये फॉर्म जायचाच नाही. माझा मागचा लेख वाचून त्यांनी स्क्रिप्टमध्ये सबमिट() (फॉर्म कोडमधूनच थेट पाठवणारी आज्ञा) घातलं, तर मोबाइल क्रमांक नसलेल्या नोंदी यायला लागल्या. रिक्वेस्टसबमिट() (तिचीच आधी तपासणी करणारी बहीण) घातलं, तर एका मुलाच्या आयफोनवर काहीच होईना. शेवटी त्यांनी डिसेबल करणं सेटटाइमआउटने (स्क्रिप्टमधल्या टायमरने) पाव सेकंद पुढे ढकललं आणि ‘काम झालं’. फक्त फायरफॉक्सवाल्या दोन मुलांचं बटण अजून करडंच दिसतं, सबब फायरफॉक्स भिकार. आणि वर माझ्यासाठी पाटी: ‘अर्धवट तपासून लिहू नये. लिहिल्यास वाचकांचे तीन तास जातात.’

पाटी मान्य. सबमिट() थेट बोलावलं की ब्राउझर रिक्वायर्ड (सक्तीचा रकाना) वगैरे काही तपासत नाही, सबमिट इव्हेंटही (फॉर्म निघताना स्क्रिप्टला मिळणारी वर्दी) उडवत नाही. असेल तसा फॉर्म उचलून पाठवतो. हे सगळ्याच ब्राउझरांत असंच आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. माझ्या चाचणीच्या फॉर्ममध्ये सक्तीचा रकानाच नव्हता, त्यामुळे मला ते दिसलंच नाही. तुमच्या त्या बिनमोबाइलच्या नोंदी माझ्या खात्यावर मांडा.

पण फायरफॉक्सचं मान्य नाही. तुम्ही चिकटवलेला कोड मी तसाच्या तसा चालवला आणि मोबाइलचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवून ‘जागा नोंदवा’ दाबलं. ‘हा रकाना भरा’ असा फुगा आला. पाव सेकंदाने बटण करडं झालं. आता क्रमांक भरला, पण दाबायचं काय? कारण साधं आहे. क्लिक आधी होतो, तपासणी नंतर. तपासणीत फॉर्म अडला तरी तुमचा टायमर बटणाचा गळा आवळतोच. हे क्रोममध्येही होतं, काका. तिथली मुलं पान रिफ्रेश करतात, बटण जिवंत होतं, आणि कोणी तुमच्याकडे तक्रार घेऊन येत नाही, एवढंच.

फायरफॉक्समध्ये मी रिफ्रेश केलं, नाव होतं तसं राहिलं आणि बटणही करडंच राहिलं. पाच वेळा केलं, तेच. रकान्यांत भरलेलं तो रिफ्रेशनंतर जपून ठेवतो हे आपल्याला आवडतं; स्क्रिप्टने डिसेबल केलेल्या बटणाची अवस्थाही तो तशीच जपतो. त्याच्या लेखी दोन्ही एकच. कोडमध्ये बटणाला ‘ऑटोकम्प्लीट ऑफ’ हा गुणधर्म लावला की ही आठवण जाते. तोवर त्या दोन मुलांना कंट्रोल-शिफ्ट-आर (पान कोरं करून उघडणारं रिफ्रेश) दाबायला सांगा.

सेटटाइमआउट तुम्हाला लागू पडला, कारण ब्राउझर फॉर्म पाठवायला घेतो त्या क्षणी बटण जिवंत असतं. पण पाव सेकंदात घाईचा माणूस दुसरा क्लिक सहज मारतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच उघडं पडलं. डिसेबल करायची ओळ क्लिकमधून काढा आणि फॉर्मच्या सबमिट इव्हेंटमध्ये टाका. तो तपासणी पार झाल्यावरच उडतो. टायमरही जाईल आणि माझं सबमिट()ही.

एक खोच मात्र आहे. डिसेबल झालेल्या बटणाचं नाव सर्व्हरकडे जात नाही, आणि तुमच्या पीएचपीची (सर्व्हरवरच्या कोडची) पहिलीच ओळ ‘सबमिट नावाचं काही आलंय का’ हे विचारते. तिथे विनंती पोस्टने (फॉर्म पाठवायच्या पद्धतीने) आली का एवढंच विचारा. आणि बटणाचं ते ‘सबमिट’ नाव बदलाच. त्याने फॉर्मची सबमिट() ही सोय झाकली जाते आणि कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) म्हणतो की हे फंक्शनच नाही. तुमच्याकडे हे घडलं नाही, कारण तुम्ही ते प्रोटोटाइपवरून, म्हणजे सगळ्या फॉर्मच्या मूळ साच्यावरून, बोलावलं होतं. (हे तुम्ही शोधून काढलंत आणि प्रतिक्रियेत एका ओळीत उरकलंत! माझ्या लेखात नव्हतं ते.)

सबमिट होऊन पुढच्या पानावर गेलेला मुलगा बॅक दाबून परत आला की ब्राउझर कधीकधी जुनं पान गोठवलेलं तसंच समोर ठेवतो, करड्या बटणासकट. हे सफारीत, क्रोममध्ये, सगळीकडे होतं. पेजशो इव्हेंटमध्ये (पान समोर येताच मिळणारी वर्दी) पर्सिस्टेड, म्हणजे ‘पान गोठवलेलं होतं’, हे खरं असेल तर बटण पुन्हा सुरू करा. मात्र एकाच मुलाच्या दोन नोंदी खात्रीने अडवायच्या तर त्या सर्व्हरवरच अडवाव्या लागतील, मोबाइल क्रमांक आणि बसायच्या वेळेची पाळी ही जोडी डेटाबेसमध्ये युनिक (दुसऱ्यांदा न येणारी) करून. बटणाचं करडेपण नुसतं दाखवण्यापुरतं.

राहिला आयफोन. रिक्वेस्टसबमिट() क्रोममध्ये २०१९ ला आलं, फायरफॉक्समध्ये २०२० ला, सफारीत थेट २०२२ ला, १६ व्या आवृत्तीत. तुम्ही म्हणता तो आयफोन ७ असेल तर तो आयओएस १५ च्या पुढे जातच नाही. ‘क्रोम टाकून पाहिलं तरी तेच’ म्हणालात, ते होणारच. आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्या आतही सफारीचंच वेबकिट (पान चालवणारं इंजिन) असतं. त्यात तुमची डिसेबलची ओळ वर आणि हे न सापडणारं फंक्शन खाली, म्हणून बटण करडं होऊन स्क्रिप्ट तिथेच मेली. साधं सबमिट बटण ठेवलंत तर याची गरजच उरत नाही.

मागचा लेख दुरुस्त केलाय, वर तुमच्या पाटीसकट. त्या मुलाच्या फोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे दिसणारा आवृत्तीचा आकडा तेवढा कळवा. १६ किंवा वरचा निघाला तर माझं निदान चुकलंय आणि पुन्हा बघावं लागेल.