जॉन्सटाउनचं धरण केवळ पावसाने फुटलं नाही

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जॉन्सटाउन शहरात 31 मे 1889 ला धरण फुटून महापूर आला; त्यावरच्या एका लेखात या महापुराचं खापर अतिवृष्टीवर फोडलं आहे. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या साउथ फोर्कच्या मातीच्या धरणाचा घात आधीच झाला होता. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधलेल्या या धरणाच्या तळाशी पाणी सोडायला ओतीव लोखंडाचे पाच नळ होते. आधीच्या मालकाने ते काढून भंगारात विकले. 1879 मध्ये धनिकांच्या मासेमारी क्लबने धरण घेतलं, त्याला आधीच पडलेलं भगदाड बुजवलं, पण नळ काही परत बसवले नाहीत. म्हणजे तलाव रिकामा करून दुरुस्ती करायची सोयच उरली नाही! वर दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून धरणाचा माथा काही फूट खाली आणला. सांडव्यावर मासे अडवायला जाळ्या लावल्या, त्यात त्या दिवशी काटक्या-कचरा तुंबला. शिवाय माथा मधोमध खचलेला. त्यामुळे पाणी सांडव्याऐवजी नेमकं मधूनच ओसंडलं, आणि मातीचं धरण वरून वाहणाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. त्या सकाळी मजुरांनी पाण्याला दुसरी वाट द्यायला चर खणून पाहिला, पण खडक लागला. 2,200 हून अधिक माणसं गेली. क्लबला न्यायालयाने जबाबदार धरलं नाही, हे लेखात यायलाच हवं होतं.