ठिणगी सुरीतून निघत नाही

आषाढ आला की पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्यातलं म्हणणं असं: स्टेनलेसच्या सुरीनं फायरस्टील, म्हणजे तासून ठिणग्या पाडायची कांडी, पेटत नाही, कार्बन स्टीलचीच सुरी लागते. ती घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जायचं, ग्राइंडरवर तिची पाठ, म्हणजे कांडी तासायची धारेच्या उलटी बाजू, धारेसारखी पातळ करून घ्यायची, एका मिनिटाचं काम. मग भर पावसातही जाळ होतो. मी उद्यमनगरात टूलरूममध्ये काम करतो. या संदेशापायी वाया गेलेल्या सुऱ्या हातात घेतल्यात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्टेनलेसचा मुद्दा चकमकीशी झालेल्या गल्लतीतून आलाय. जुन्या माणसांच्या बटव्यात चकमक म्हणजे पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस असायचा. तिथं गारगोटी लोखंडाचा बारीक कण तासते आणि तो कण पेटतो. ठिणगी लोखंडाची, त्यामुळे तिथं कडक कार्बन पोलादच लागतं, हे खरं. फायरस्टीलमध्ये उलटं घडतं. ती कांडी फेरोसेरियमची असते. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाखनं 1903 मध्ये या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. सेरियम, लँथनमसारखे धातू आणि त्यांना कडकपणा देणारं लोखंड, असं ते मिश्रण. तासताना निघालेला कण घर्षणानं तापतो आणि हवा लागताच स्वतःच पेटतो. सुरीचं काम फक्त तासण्याचं. फुटक्या काचेच्या कडेनंही ठिणग्या पडतात, आणि काच काही पोलाद नव्हे. हॅकसॉ ब्लेडच्या मोडक्या तुकड्यानं तर मजेत पडतात. तुमच्या स्टेनलेसच्या सुरीनं पडत नसतील तर तिची पाठ गोल आहे किंवा तिच्यावर काळा रंग आहे. नव्या कांडीवरही काळा थर असतो, तो आधी खरवडून काढावा लागतो. कित्येक जण तिथंच हात टेकतात आणि सुरीला दोष देतात.

आता ग्राइंडर. माझा खरा राग यावर आहे. कार्बन पोलादाच्या पात्याला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, ते साधारण 200 अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. त्यापुढे जेवढं तापेल तेवढं पातं मऊ होत जातं. बेंच ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर दोन मिलिमीटर जाडीची पाठ दाबून धरा, काही सेकंदांत तिच्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी आणि मग निळा रंग चढतो. निळा म्हणजे 300 अंशांच्या आसपास. लहान सुरीत पाठ आणि धार यांत अंतर ते केवढं? बोटभर. उष्णता धारेपर्यंत पोहोचते आणि पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. गेल्या पावसाळ्यात एका पोरानं अशीच टोकाकडे निळी पडलेली सुरी आणली. मी धार लावून दिली, पण दोन काटक्या तासल्या की पुन्हा बोथट. पाणी उतरलेलं पातं पॉलिश करून परत कडक होत नाही, आणि ते त्याला सांगताना मला वाईट वाटलं. त्यानं पैसे साठवून घेतलेली सुरी होती ती.

पाठ धारेसारखी पातळ करणंही चूकच. पातळ कड कांडीत रुतते, लवकर झडते, आणि लाकूड तासताना अंगठा जिथं दाबायचा तिथंच कापते. हवी ती काटकोनी, धारदार कड.

ती हातानं करा. धारेवर जाड पुठ्ठा गुंडाळून टेप मारा. शेगड्याच्या (बेंच व्हाइसच्या) जबड्यांना लाकडी फळ्या लावून सुरी पाठ वर करून धरा. कानस फिरवून बघा, पण नीट कडक पात्यावर ती नुसती घसरते. त्यापेक्षा सपाट ठोकळ्याला 120 नंबरचा पॉलिश पेपर लावा आणि पाणी टाकत घासा. अख्खी पाठ नको. मुठीजवळ अंगठ्यापुरती जागा गोलच ठेवा, तिच्यापुढची तीनेक सेंटिमीटर पुरे. गुण्या लावून काटकोन बघत राहा. वाळकी काटकी त्या कडेनं खरवडल्यावर बारीक कीस निघाला की थांबा. शेवटी कड गुळगुळीत करू नका, ती खरखरच कांडी तासते. अर्धा-पाऊण तास जातो. रंग निघालेल्या जागी कार्बन स्टीलला आपल्याकडच्या पावसात एका रात्रीत गंज धरतो, तेव्हा तेलाचा हात फिरवा.

पेटवताना सुरी काडीकचऱ्याजवळ स्थिर धरा, धार अंगापासून लांब, आणि कांडी मागे ओढा. सुरी पुढे ढकलली की रचलेलं सगळं उधळतं आणि उघडं पातं हवेत फिरतं.

राहिला पावसाचा मुद्दा. कांडी भिजली तरी पुसून चालते, एवढंच त्यात खरं. ठिणगी मात्र क्षणभराची असते, ती झेलायला कोरडं आणि बारीक काहीतरी हवंच. वाटेतल्या मसाई पठारावर जुलैत जमिनीवर तसं काही सापडत नाही. सावरीचा कापूस, किंवा साधा कापूस व्हॅसलिन चोळून, घरूनच घट्ट झाकणाच्या डबीत न्या आणि वापरताना पिंजून मोकळा करा. गुऱ्हाळावरचं वाळकं चिपाड ओळखीनं मिळालं तर मूठभर पिशवीत बांधा, पुढचा जाळ धरायला ते उत्तम. डबी सॅकमध्ये नको, रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवा.