जुनी गाडी घ्यावी, पण कुठे?

2025 च्या घटस्थापनेला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि आमच्या घरातला जुनाच वाद नव्याने पेटला. 28 टक्के आणि वर उपकर होता, तो 18 टक्के झाला. पिंपरीला राहणारा माझा भाचा नेमका तेव्हा गाडी बघत होता. ताई आणि भाऊजींचं म्हणणं, नव्या स्वस्त झाल्यात तर दसऱ्याला नवीच उचल. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला पटवलेलं, की नवी गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की लाखभर गेलेच. तीन वर्षं जुनी घे, पहिला घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो. त्याने मला साक्षीला बोलावलं. “मावशी, तू तर तिकडे कायम जुन्याच गाड्या घेतेस. सांग ना यांना.”

मी जे सांगितलं ते दोन्ही बाजूंना आवडलं नाही. इथे इंग्लंडमधल्या रेडिंगला मी नवी गाडी घेणार नाही, पैसे असले तरी. पिंपरीत असते तर ओळखीतली जुनी मिळेपर्यंत थांबले असते, आणि नसती मिळाली तर नवी घेतली असती. हिशोब दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो गाडीबद्दल घेणाऱ्याला काय कळू शकतं यात.

आधी इथलं सांगते. 2024 साली ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांची नोंदणी झाली साधारण साडेएकोणीस लाख, आणि जुन्या गाड्या हात बदलल्या 76 लाखांवर. म्हणजे एका नवीमागे जवळजवळ चार जुन्या. त्यातही नव्यांपैकी साठेक टक्के कंपन्यांच्या आणि भाड्याने देणाऱ्यांच्या नावावर. स्वतःच्या खिशातून रोख मोजून कोरी गाडी घेणारा माणूस इथे तसा दुर्मीळच. माझ्या गल्लीत दिसणाऱ्या चकचकीत गाड्यांपैकी बऱ्याच ‘पीसीपी’ नावाच्या योजनेवर आहेत. समजा गाडी 24 हजार पौंडांची आहे. तीन वर्षांनी ती 12 हजारांची राहील असं फायनान्स कंपनी आधीच लिहून देते. मधले 12 हजार, अधिक सगळ्या रकमेवरचं व्याज, एवढं तुम्ही हप्त्यांनी फेडता. मुदत संपली की उरलेले 12 हजार भरून गाडी ठेवा, नाहीतर किल्ली परत देऊन दुसरी नवी घ्या. बहुतेक जण दुसरी घेतात. म्हणजे ही माणसं घसाराच दरमहा भाड्याने भरत असतात, गाडी त्यांची कधी होतच नाही. तिकडचे नातेवाईक फोटो पाहून म्हणतात, काय मजा आहे तुमच्याकडे, दर तीन वर्षांनी नवी गाडी. मी गप्प बसते.

मिरवण्याची हौस इथेही आहेच, तिला फक्त हार-पेढे नसतात. इथल्या नंबरप्लेटवरच गाडीचं वय लिहिलेलं असतं. ‘24’ म्हणजे मार्च ते ऑगस्ट 2024, ‘74’ म्हणजे त्यापुढचं अर्ध वर्ष. मार्च आणि सप्टेंबर उजाडला की शेजाऱ्यांच्या नजरा आधी प्लेटवर जातात. आवडीचा नंबर घेऊन वय झाकता येतं, पण गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसेल असा नंबर लावायला कायद्याने बंदी आहे. म्हातारी दिसलेली चालते.

या नव्या गाड्या तीन वर्षांनी बाजारात येतात तेव्हा किंमत साधारण निम्मी झालेली असते. काही मॉडेलं जास्त टिकतात, इलेक्ट्रिक गाड्या अनेकदा त्याहून घसरतात. 2023 मध्ये उत्पादकांनी नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती उतरवल्यावर जुन्यांचे भाव कोसळले होते. निम्म्या किमतीत तीन वर्षांची गाडी घेणं शहाणपणाचं ठरतं याचं कारण मात्र नुसती किंमत नाही. तीन वर्षं पूर्ण झाली की प्रत्येक गाडीला दरवर्षी ‘एमओटी’ नावाची तपासणी करावी लागते. फी जास्तीत जास्त 54.85 पौंड. ब्रेक, टायर, दिवे, सस्पेन्शन, गंज, धूर सगळं पाहतात आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडा नोंदवतात. ही सगळी नोंद सरकारी संकेतस्थळावर फुकट असते. गाडीचा नंबर टाका, पुढे येतं: केव्हा पास, केव्हा नापास, कशामुळे, आणि ‘लवकर लक्ष द्या’ म्हणून दिलेल्या सूचना.

या सूचना वाचायला मला कथा वाचल्यासारखं वाटतं. एका छोट्या पाच दारी गाडीच्या नोंदीत मागच्या ब्रेकच्या पाइपला गंज, अशी सूचना होती. पुढच्या वर्षी तीच, त्याच्या पुढच्या वर्षीही तीच, आणि मग नापास. गाडी तशी बरी असेल, पण मालक कसा आहे ते कळलं. मी बघायलाही गेले नाही. दुसऱ्या एका गाडीला टायरची सूचना मिळाली आणि पुढच्या तपासणीत ती नव्हती, म्हणजे मालकाने टायर बदलले होते. ती घेतली.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. जुन्या गाडीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाची किंमत देतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खराब गाड्या उरतात. याच विचाराबद्दल 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत अशी, की अकरलॉफ 1967-68 मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्या निबंधात गाड्यांसोबत आपल्याकडचे तांदूळही आले आहेत. बाजारच्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते निवडत बसावं लागतं, असं त्यांनी लिहिलंय. आईने सूप घेऊन केलेलं काम अर्थशास्त्रात गेलं.

एमओटीची ती नोंद म्हणजे सरकारने निवडून दिलेले तांदूळ. अर्थात एखादा खडा राहतोच. पहिली तीन वर्षं तपासणीच नाही, आणि पीसीपीच्या करारात किलोमीटरची, इथल्या भाषेत मैलांची, मर्यादा असते. ती ओलांडली की दंड. त्यामुळे गाडी परत देण्याआधी मीटर मागे फिरवणारेही आहेत. मीटर फिरवणं हा स्वतःहून गुन्हा नाही, ते न सांगता विकणं हा गुन्हा, असा इथला विचित्र कायदा. डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीत मोठा दोष निघाला तर 2015 च्या ग्राहक कायद्याने 30 दिवसांत ती परत करता येते. खासगी माणसाकडून घेतली तर हे कवच नाही. तरीही एकंदरीत जुन्या गाडीची किंमत इथे बऱ्यापैकी खरी असते.

आता पिंपरी. जीएसटी कमी होण्याआधी एक्स-शोरूम आठ लाखांना असलेली छोटी पेट्रोल गाडी कर उतरल्यावर 7 लाख 32 हजारांना मिळू लागली. म्हणजे ज्याने गणपतीत आठला घेतली, त्याचे 68 हजार ती न चालवताच गेले. घसारा असा एका अधिसूचनेनेही होतो, हे हिशोबात कोणी धरत नाही. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर: दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे ऐंशी हजार. मग विमा. ऑन रोड साडेआठच्या घरात. विमा कंपनी गाडीची किंमत धरते ती एक्स-शोरूमवर, आणि तिचं कोष्टक ठरलेलं आहे: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के वजा, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. तिसऱ्या वर्षअखेर आपली गाडी पाच लाख बारा हजारांची. मागणी असलेल्या मॉडेलला बाजारात थोडे जास्तही येतात.

म्हणजे जुनी घेतली तर तीनेक लाख वाचले. हे कमी नाहीत, आणि भाच्याचे मित्र तेवढ्यावरच थांबतात. पण जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग पडतं. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवणं, गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, एजंटचे पैसे, हे आलंच. आणि मुख्य म्हणजे त्या तीन वर्षांत गाडीचं काय झालं हे सांगणारं कोणी नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तोवर सरकार तिच्याकडे पुन्हा बघत नाही. पीयूसी असते, पण ती धुरापुरती. टायर झिजलेले आहेत की नवे, पुढचा पत्रा बदललाय का, मीटर मूळचा आहे का, सगळं विकणाऱ्याच्या तोंडचं.

म्हणूनच आपल्या जाहिरातींत गाडीपेक्षा मालकाचं वर्णन जास्त असतं. ‘डॉक्टरांची गाडी’, ‘सिंगल हँड’, ‘फक्त रविवारी काढलेली’. मी हसायचे या भाषेला. आता हसत नाही, कारण नोंद नसलेल्या बाजारात मालकाची ओळख हाच एक पुरावा उरतो. भाऊजींनी त्यांची जुनी गाडी सोसायटीतल्याच एकाला विकली, आणि दोघांनाही बाजारापेक्षा बरा भाव मिळाला. अकरलॉफचा संशय तिथे शिरूच शकला नाही. पण कालपरवा लातूरहून किंवा नांदेडहून हिंजवडीला आलेल्या मुलाने ही ओळख कुठून आणायची? तो नवीच घेतो. ताईला त्यात नवेपणाची हौस दिसते. मला बऱ्याचदा ती त्या मुलाची नाइलाजाची निवड वाटते.

भाच्याला मी आणखी एक अट घातली, आणि ही सर्वांत महत्त्वाची. जुनी घेतलीस तर वर्ष बघ. ब्रिटनमध्ये आठ-दहा वर्षं जुन्या गाडीतही एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी सोय), घसरण रोखणारी यंत्रणा असते. घसरण रोखण्याची सक्ती 2014 पासूनची. भारतात सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल 2019 पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून, आणि शेजारच्या सीटची त्याहीनंतर, 2021 संपताना सक्तीची झाली. म्हणजे 2018 ची स्वस्त हॅचबॅक घेऊन वाचवलेला पैसा कशातून वाचला ते आधी बघ. या बाबतीत मी ताईच्या बाजूने आहे.

त्यात 2025 च्या उन्हाळ्यापासून ई-20 पेट्रोलचा, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा वाद. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या ते सोसतील अशा बनू लागल्या. त्याआधीच्या मालकांना ॲव्हरेज पडतंय, रबरी भाग खराब होतील अशी धास्ती. धास्ती कितपत खरी यावर अजून भांडण आहे, मी त्यात पडत नाही. ब्रिटननेही सप्टेंबर 2021 मध्ये ई-10 आणलं, पण जुन्या गाड्यांसाठी सुपर पेट्रोलमध्ये ई-5 ठेवलं, थोडं महाग, आणि तुमच्या गाडीला कोणतं चालेल ते नंबर टाकून बघण्याची सोय केली. भारतात पंपावर तसा सहज मिळणारा पर्याय नाही. त्यामुळे 2022 ची उत्तम राखलेली गाडीसुद्धा एका वाक्याने भाव गमावते: “ई-20 ची नाही ना?”

दिल्लीचं तर विचारूच नका. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी बंद, असा तिथे नियम होता. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं, ओरड झाली आणि काही दिवसांतच ते मागे पडलं. तिथल्या मोठ्या गाड्या स्वस्तात पुण्यात येतात ते यामुळे. एनओसी आणि इथला कर भरला की एमएच पासिंग. लंडनलाही जुन्या गाड्यांना रोज साडेबारा पौंड भरावे लागतात, 2023 च्या ऑगस्टपासून सगळ्या शहरात. पण तिथे वय विचारत नाहीत, गाडी कोणत्या प्रदूषण मानकाची आहे ते विचारतात. नीट ठेवलेली 2006 ची पेट्रोल गाडी बहुधा सुटते. मालकाला काळजी घेण्याचं काही कारण उरतं.

खरं तर भारतात नोंद ठेवणं अवघड नाही. पीयूसीसाठी एक वर्ष उलटलेली प्रत्येक गाडी वर्षातून निदान एकदा कोणाच्या तरी समोर उभी राहतेच. नंबरप्लेटचा फोटो काढतात, तोही संगणकात जातो. त्याच वेळी मीटरचा फोटो काढायला किती वेळ लागतो? एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना अधिकृत होण्याचा नियम आला, त्यात त्यांच्याकडच्या गाडीच्या फेऱ्यांची आणि किलोमीटरची नोंद ठेवायचीही तरतूद आहे. डीलरच्या हाती येण्याआधीच्या वर्षांसाठी मात्र काहीच नाही. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या डीलरच्या नफ्यावरचा कर सरसकट 18 टक्के केला. तेव्हा घरोघरी अफवा, की आपली गाडी तोट्यात विकली तरी कर भरावा लागणार. तसं नव्हतं, नफ्यावरच होता, डीलरच्या. पण जुन्या गाडीच्या व्यवहारातून सरकार पैसे घेणारच असेल, तर घेणाऱ्याला त्या बदल्यात निदान मीटरचा दरवर्षीचा आकडा फुकट बघायला मिळावा, एवढी मागणी त्या गोंधळात कोणीतरी करायला हवी होती.