किलो की लिटर, एकदाच काय ते ठरवा!

किराणा दुकानात "एक किलो तेल द्या" म्हटलं की दुकानदार निमूटपणे एक पिशवी काउंटरवर टाकतो. ती किलोची नसते, लिटरची असते. लिटरभर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे किलो मागायचं आणि 90 ग्रॅम कमी घेऊन घरी यायचं. विचारलं तर वर ऐकवणार, "अहो, एकच झालं की!" एकच कसं झालं? नव्वद ग्रॅम तेलात आमच्याकडे दोन दिवसांच्या भाज्या होतात.

बरं, निदान लिटर तरी नीट भरा. तेल तापलं की फुगतं, याचा फायदा घेऊन कंपन्या पिशवीवर बारीक अक्षरात "60 अंश सेल्सिअसला 1 लिटर" असं छापायच्या. लिटरभर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरतं आणि 60 अंशांना 892.6 ग्रॅम. साठ अंश! नागपूरचा मे महिनासुद्धा तिथवर पोचत नाही, मग हे तेल मोजायला बसतात कुठे? शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमान लिहायचं नाही आणि लिटरसोबत वजनही छापायचं. त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली. चला, म्हटलं सुटलो.

कसले सुटतोय! ठरावीक मापातच पॅकिंग करण्याची सक्तीही निघून गेली. आता पिशवी दिसायला तीच, चित्र तेच, सूर्यफूल तेच, आणि कोपऱ्यात लिहिलेलं 850 ग्रॅम. शेजारच्या पिशवीवर 750. त्याच्या शेजारी अस्सल 1 लिटर. किंमत कशाची कशाशी ताडून बघायची? दर ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो म्हणे. असतो ना, एकीवर ग्रॅमचा, दुसरीवर मिलीचा, आणि तोही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. चष्मा लावा, मोबाईल काढा, 0.91 ने भागा, मागे रांगेतल्यांची बोलणी खा.

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घ्यायला जा, तिथे भाव किलोचा. समजा 300 रुपये किलो. दुकानात तेच 280 रुपये लिटर. स्वस्त वाटलं ना? 280 भागिले 0.91 करा, किलोला जवळजवळ 308 पडतात. स्वस्त म्हणून उचललेलं तेल महाग निघतं आणि लोक वर "घाण्याचं तेल परवडत नाही बाई" म्हणतात.

डब्याचं तर विचारूच नका. 15 लिटरचा डबा आणि 15 किलोचा डबा शेजारी ठेवले तर फरक सांगून दाखवा. लिटरवाल्यात तेल असतं साडेतेरा किलोच्या थोडं वर. सव्वा किलोहून जास्त गायब! घरी मुंज असो की बारसं, आचारी यादी देतो ती किलोत, दुकानदार माल पाठवतो तो लिटरच्या कॅनमध्ये, आणि ऐन पुऱ्या तळायच्या वेळी आचारी आपल्याकडे असा बघतो जणू आपणच तेल प्यायलो. तुपाचीही तीच रड, लिटरच्या डब्यात 905 ग्रॅम.

रेसिपीवाल्या ताई तर धन्यच. अर्धा किलो मैदा वजनाने, मोहन "100 मिली", साखर वाटीने. वाटी कुठली? त्यांच्या घरची! शंभर मिलीच्या जागी शंभर ग्रॅम तेल घातलं की दहा मिली जास्त पडतं आणि मग खाली कमेंटमध्ये बायका विचारतात, शंकरपाळी तेलात का विरघळली?

अहो, मध चिकट द्रवच आहे, तो मिळतोच ना ग्रॅममध्ये? वजन उन्हाळ्यात फुगत नाही, थंडीत आकसत नाही. तेल सरसकट वजनानेच विका, 500 ग्रॅम, 1 किलो, 5 किलो, संपला विषय. नसेल जमत तर निदान कोपरा कापून पातेल्यावर उलटी टांगली तरी पिशवीला चिकटून राहतं ते तेल किलोत धरायचं की लिटरात, तेवढं तरी छापा.