फोडणीची वाट

जळगावात एप्रिल लागला की इलेक्ट्रिशियन नावाचा माणूस दिसेनासा होतो. असतो गावातच, पण कुणाच्या तरी गच्चीवर, कूलरच्या पंपात कोपरापर्यंत हात घालून. पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असताना "स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवायचाय" असं सांगणारी बाई त्याला चैनखोर वाटते. "ताई, पाणी पडू द्या, मग बघू," म्हणून तो फोन ठेवतो.

पाणी पडेपर्यंत मी थांबले असते, पण काळा मसाला थांबणार नव्हता. वर्षाचा मसाला कडक उन्हातच व्हायला हवा. नंदुरबारची मिरची वाळून खडखडीत झालेली, सुकं खोबरं, धने, तीळ, दगडफूल डब्यांतून ताटकळत बसलेलं. डंकावर कुटायला नेण्याआधी हे सगळं भाजायचं घरीच, आमच्या दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात. मिरची कढईत पडली की पहिला ठसका मला, दुसरा हॉलमध्ये ह्यांना आणि तिसरा जिन्यात दूधवाल्याला. मिरचीतलं कॅप्सेसिन शरीरातल्या नेमक्या कुठल्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला, चेतवतं हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. तोच ग्राहक उष्णतेनेही चेततो. म्हणजे मे महिन्यात खान्देशातल्या ओट्याशी उभी असलेली बाई दोन्हींकडून एकदमच चेतवली जात असते. तिला कुणी काही विभागून देत नाही.

तर फॅन मीच बसवणार, असं मी जेवताना जाहीर केलं. त्याबरोबर भोक कुठे पाडायचं याविषयी घरातल्या प्रत्येकाला ठाम मत असल्याचं उघड झालं. ह्यांचं म्हणणं, रस्त्याच्या अंगाला नको, घराचं तोंड बिघडेल. सासूबाईंचं, देवघराच्या डोक्यावर नको. नणंदेने भुसावळहून फोनवर सांगितलं की आग्नेयेलाच हवं. आमचं अख्खं स्वयंपाकघरच आग्नेयेला आहे. आता आग्नेयेतली आग्नेय शोधायला होकायंत्र आणावं लागलं असतं. कामाचं बोलल्या त्या सासूबाईच. त्यांच्या माहेरी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर होतं आणि चुलीच्या वर धाब्यालाच भोक होतं. धूर आपणहून वर जायचा, पावसाळ्यात भोकावर घमेलं पालथं घातलं की झालं. "धूर वरच जातो, मग भोक खाली कशाला पाडता?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. गॅसच्या वर, छताच्या जवळ आणि दाराच्या समोरच्या भिंतीत, अशी जागा ठरली. दारातून ताजी हवा आत येणार, शेगडीवरून धूर उचलणार आणि समोरून बाहेर पडणार. देव डावीकडे वाचले.

दुकानात मी फॅन मागितला तेव्हा मालकाने माझ्या मागे कुणी साहेब उभे आहेत का ते पाहिलं. नव्हते. मग त्याने मला सगळ्यांत मोठा फॅन दाखवला. मी हिशेब करून गेले होते. खोली दहा बाय आठ, उंची दहा, म्हणजे आठशे घनफूट हवा. स्वयंपाकघरातली हवा तासाला निदान पंधरा वेळा बदलावी असा ढोबळ नियम धरला तर बारा हजार घनफूट, म्हणजे सुमारे ३४० घनमीटर. खोक्यावर तासाला किती घनमीटर ते छापलेलं असतं. आकडा यापेक्षा बराच मोठा हवा, कारण जाळी आणि झडपा वाऱ्याला अडवतात आणि आमच्याकडे फोडणी शेवभाजीची असते. नऊ इंची फॅन पुरत होता. "तासाला किती फेकतो?" असं विचारल्यावर मालकाने स्वतःच पहिल्यांदा खोकं फिरवून वाचलं.

घरी आल्यावर ह्यांनी पेन्सिल कानावर ठेवून पुढाकार घेतला. फॅन नऊ इंची, तर भोक नऊ इंची, असं म्हणत ते भिंतीवर थाळी धरून उभे राहिले. नऊ इंच हा पात्यांचा व्यास असतो. भोवतीची चौकट बसवायची तर भोक दहाच्या पुढे लागतं. चौकटच भिंतीला टेकवून मी तिच्या कडेने रेघ मारली. थाळी परत मांडणीवर गेली.

आता भिंत. नऊ इंची वीट, आत-बाहेर गिलावा. मागच्या आळीतून हॅमर ड्रिल उसनं आणलं. चौकोनाच्या मधोमध आधी एक लांब बिट आरपार घातलं, म्हणजे बाहेरून नेमकं कुठे फोडायचं ते कळतं. मग रेघेवर जवळजवळ भोकं पाडत गेले. निम्मी भिंत आतून फोडायची आणि निम्मी बाहेरून. एकाच बाजूने ठोकत सुटलं तर पलीकडचा गिलावा परातीएवढा निखळून पडतो. डोळ्यांना ह्यांचा स्कूटरचा गॉगल, नाकाला ओढणी. मेन स्विच बंद करणार तर ड्रिल कसं चालणार, म्हणून त्या भिंतीतून वायर किंवा नळाचा पाइप जात नाही याची खात्री आधीच करून घेतली होती.

पहिल्या तीन विटा गुणी निघाल्या. चौथी खंगर होती. भट्टीत जास्त भाजली गेलेली, काळपट, वितळून काचेसारखी झालेली ही वीट भिंतीत घालायचीच नसते, पायात भरायची असते. आमच्या गवंड्याने ती बरोबर माझ्या रेघेवर बसवून ठेवली होती. बिट टेकवलं की खर्रर्र करून बाजूला सरकायचं, ठिणगी उडायची, भिंतीला ओरखडासुद्धा नाही. छिन्नी लावली तर छिन्नीचं तोंड बोथट झालं. शेवटी तिच्या चारही बाजूंचा मसाला, म्हणजे सिमेंटचा मसाला, पोखरून काढला आणि हलत्या दातासारखी ती वीट इकडून तिकडून डुगडुगवत उपटली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर कारखान्याची छापील अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. सासूबाईंनी ती दाराला अडसर म्हणून ठेवून घेतली.

एव्हाना बाहेर सभा भरली होती. भिंतीला भोक पडतंय म्हटल्यावर गल्लीत घरी बसतं कोण? पारोळ्याकडचे नाना टोपी सावरत शिडीखाली आले आणि मान वर करून अहिराणीत म्हणाले, "कसाले भीत फोडी ऱ्हायनी वं माय?" मी कारण सांगितलं. नानांनी विचार केला आणि निकाल दिला, "आते तुन्हा घर काय शिजस ते बठ्ठी गल्लीले समजी." घरात काय शिजतं ते आता सगळ्या गल्लीला कळणार, हे सभेला पटलं. त्यानंतर प्रत्येकाने एकेक सूचना केली आणि शिडी मात्र कुणीच धरली नाही.

पुढचं फार नव्हतं. भोकाचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता केला, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. चौकट लेव्हलमध्ये धरून स्क्रू आवळले, फटी सिमेंटने बुजवल्या, बाहेरून झडपा लावल्या, नाहीतर पारवे आपला संसार थाटायला टपलेलेच असतात. मेन बंद करून, टेस्टर लावून मग वायरिंग. हिरवी वायर अर्थिंगची, ती लोंबकळत सोडायची नाही. हे म्हणाले, "दोनच वायरींवर चालतो की." चालतो. ओल्या हाताने शॉक बसेपर्यंत उत्तम चालतो.

बटण दाबलं. फॅन घुमला, झडपा उघडल्या. वास घरभर जाऊ नये म्हणून सासूबाईंनी तत्परतेने दार आणि खिडकी दोन्ही लावून घेतली. आणि धूर होता तिथेच. ह्यांच्या चेहऱ्यावर थाळी परत गेल्याचा सूड उगवला. मी देवघरातली उदबत्ती घेतली आणि दाराच्या फटीशी धरली. धुराची रेघ आडवी होऊन फॅनकडे ओढली जात होती, पण एवढीशी. फॅन बाहेर फेकतो तेवढीच हवा आत यायला हवी. ती आली नाही तर बिचारा नुसता घोंघावतो आणि मिळेल तिथून ओढतो. आमच्याकडे तो मोरीच्या जाळीतून ओढायला लागला होता, हे सगळ्यांच्या नाकांना एकदमच कळलं. दार उघडलं. उदबत्तीचा धूर सरळ ओट्यावरून गेला आणि बाहेर पडला. सासूबाई दोन्ही हात जोडून उभ्या होत्या. फॅनला की उदबत्तीला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरची भाजली. घरात कुणी खोकलं नाही. नानांच्या अंगणात मात्र ठसक्यावर ठसका सुरू झाला आणि समोरच्या काकूंनी गच्चीवरूनच विचारलं, "यंदा दगडफूल जास्त पडलंय का गं?" पडलं होतं.

एक गोष्ट कुणाच्याच हिशेबात नव्हती. कूलरचा ओला वारा घराबाहेर पडला नाही की हॉलमध्ये कोंडतो आणि अंगाला नुसतं चिकचिक होतं. आता त्याला वाट मिळाली, आणि ती वाट स्वयंपाकघरातून जाते. गार झोत हॉलमधून निघतो आणि दारातून थेट ओट्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या पाठीवर येतो. तिसऱ्याच दुपारी हे पेपर आणि खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. "इथं बरं वाटतंय गं."

"बसलाच आहेस तर," म्हणत सासूबाईंनी लसणाची परडी त्यांच्या मांडीवर ठेवली. लसूण गावठी होता, अगदी बारीक पाकळ्यांचा. दुपार पुरली.