‘आराखडा म्हणजे कागद रंगवणं’ : या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार.

सार्वजनिक इमारती, पथदिवे आणि पाणीपुरवठा यांतल्या वीजबचतीचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांनी आधी आराखडा करून मगच हाती घ्यावं, असं मी मागच्या लेखात मांडलं होतं. त्यावर आपण लिहिलंत : “हे सगळं एसीत बसून लिहिलेलं आहे. आराखडा म्हणजे कागद रंगवणं. जुने दिवे काढा, एलईडी लावा, बिल उतरतं, विषय संपला. बाकी सगळी सल्लागारांची पोटं भरायची सोय.” शिवाय लहान संस्थांनी माणसं कुठून आणायची, सौरऊर्जेबद्दल एक ओळ का नाही, आणि लेख इतका लांब का, हेही विचारलंत.

टीका मला नको आहे असं नाही. पण “एसीत बसून” हे शब्द वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो, ते रागामुळे. लेखात काय चुकलं ते सांगण्याआधी लिहिणारा कुठे बसतो हे ठरवून टाकायचं, ही कोणती पद्धत? आपण मला ओळखत नाही. माझी उमेदीची वर्षं एका स्थानिक संस्थेच्या विद्युत विभागात गेली. रात्री पंपहाऊसमध्ये बसून लॉगबुक भरलं आहे, पावसात खांबावरचा चोक (जुन्या दिव्याला लागणारं, स्वतःही थोडी वीज खाणारं उपकरण) बदलला आहे, आणि महिन्याच्या शेवटी वीजबिलांचा गठ्ठा घेऊन त्यातली कुठली जोडणी खरोखर आपली आहे हे शोधत फिरलो आहे. पाडून टाकलेल्या इमारतीचा स्थिर आकार (वीज न वापरताही बिलात येणारी ठरावीक रक्कम) भरला जात होता आणि कुणालाच त्याची खबर नव्हती, हे मी त्या गठ्ठ्यातच पाहिलं. आराखड्याचं माझं वेड तिथून आलं आहे. सल्लागार मी कधीच नव्हतो, आजही नाही.

आता “दिवे बदला, विषय संपला” या वाक्याकडे येतो. या एका वाक्यासाठीच हे उत्तर लिहायला घेतलं.

समजा एका संस्थेकडे 1000 पथदिवे आहेत, चोकसकट प्रत्येकी 150 वॅटचे. त्या जागी 70 वॅटचे एलईडी बसवले. कागदावर बचत 53 टक्के. ठेकेदार हाच आकडा दाखवतो, सभागृह टाळ्या वाजवतं. पण जुन्या 1000 दिव्यांपैकी प्रत्यक्षात 600च लागत होते, बाकीचे बंद पडलेले होते. म्हणजे आधीचा खरा भार 90 किलोवॅट. नवे सगळे लागले की भार 70 किलोवॅट. बचत 22 टक्के. आणि जुने 450च लागत असतील, तर आधीचा भार साडेसदुसष्ट किलोवॅट होता, म्हणजे एलईडी बसवल्यावर बिल वाढतं! लोकांना उजेड जास्त मिळाला, ते चांगलंच झालं. पण वाचलेल्या पैशातून ठेकेदाराचे हप्ते फेडायचं ठरलं असेल, तर संस्था न वाचलेले पैसे फेडत बसते. मग ठेकेदार म्हणतो दिवे उत्तम आहेत, लेखा विभाग म्हणतो बिल कमी झालेलं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

वाचलेली वीज मीटरवर दिसत नाही. मीटर वापरलेली वीज दाखवतो. न वापरलेली वीज मोजायची तर आधीची स्थिती नोंदलेली हवी, आणि दिव्यांची संख्या, चालण्याचे तास, हवामान, इमारतीचा वापर यांत झालेला फरक हिशेबात धरायला हवा. जगभर ऊर्जाबचतीच्या करारांत हाच नियम आहे. काम सुरू होण्याआधीची ही नोंद नंतर कितीही पैसे मोजले तरी करता येत नाही, कारण जुने दिवे तोवर भंगारात गेलेले असतात. याला आपण कागद रंगवणं म्हणता?

शिवाय दिवे म्हणजे सगळी वीज नव्हे. जी संस्था स्वतः पाणी उचलते, तिच्या बिलात बहुतेक वेळा पंपांचा वाटा फार मोठा असतो. तिथे नुसती मोटर बदलून थोडकंच मिळतं. पंप गरजेपेक्षा मोठा निवडलेला असतो, म्हणून पंपातून पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून तो चालवतात, आणि वीज त्या व्हॉल्व्हवर जळत राहते. जिथे दाब मुख्यतः नळातल्या घर्षणापोटी लागतो, तिथे पंपाचा वेग 80 टक्क्यांवर आणला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पण टाकी उंचावर असेल तर हा हिशेब तसा लागू पडत नाही, तिथे वेग फार कमी केला तर पाणी वर चढायचंच थांबू शकतं. आपला पंप या दोघांपैकी कुठला, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? खरेदीची निविदा हे सांगत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जे आपण वाचलंत की नाही याची मला शंका आहे : वाचलेला पैसा जातो कुठे? शाळेनं काटकसर केली, बिल उतरलं, आणि पुढच्या अंदाजपत्रकात तिची विजेची तरतूदच तेवढी कापली गेली. मुख्याध्यापक पुन्हा कशाला धडपड करतील? जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरानं यावर 1995 पासून एक व्यवस्था चालवली आहे. शहराचाच ऊर्जा विभाग इतर विभागांना बचतीच्या कामासाठी बिनव्याजी पैसे देतो, विभाग ते उतरलेल्या बिलातून परत करतो, आणि तेच पैसे पुढच्या कामाला मिळतात. हांबुर्गनं 1994 मध्ये शाळांसाठी ठरवलं की वागणुकीतून, म्हणजे वापराच्या सवयी बदलून, वाचलेल्या पैशाचा अर्धा हिस्सा शाळेचाच. बर्लिननं 1996 पासून अनेक इमारतींचे गट करून ऊर्जाबचतीचे ठेके दिले, म्हणजे फायद्याच्या इमारतीबरोबर बिनफायद्याचीही दुरुस्त होते. यातलं काहीही दिवे खरेदी करून घडत नाही. त्यासाठी आधी बसून ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं लिहून ठेवावं लागतं, कारण अधिकारी बदलतात.

एक मुद्दा मी मान्य करतो. प्रत्येक लहान संस्थेला पूर्णवेळ ऊर्जा व्यवस्थापक परवडणार नाही, हे आपलं म्हणणं रास्त आहे. युरोपीय संघानंही 2023 च्या निर्देशात सार्वजनिक संस्थांनी ऊर्जेचा वापर दरवर्षी 1.9 टक्क्यांनी घटवावा असं ठरवताना 50,000 पेक्षा कमी लोकसंख्येच्या संस्थांना 2026 अखेरपर्यंत आणि 5,000 पेक्षा कमी असलेल्यांना 2029 अखेरपर्यंत वगळलं आहे. चार-पाच संस्थांनी मिळून एक माणूस ठेवावा, तेही जमत नसेल तर निदान बिलं बघायची जबाबदारी एका कारकुनाच्या नावावर लेखी टाकावी. पण माणूस नाही म्हणून आराखडा नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. माणसं कमी असतील तर आधी कुठल्या कामाला हात घालायचा हे ठरवण्याची गरज वाढते.

सौरऊर्जा हा वेगळा विषय आहे. गळका वापर तसाच ठेवून छतावर पॅनेल चढवायची तर ती नको इतकी मोठी घ्यावी लागतात, एवढंच इथे म्हणतो. लेखाच्या लांबीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

“सल्लागारांची पोटं भरायची सोय” हे मात्र तुम्ही मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. माझ्याशी असहमत असण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हेतूवर चिखल उडवण्याचा नाही. दिवे बदलून विषय संपलेली एखादी संस्था तुमच्या माहितीत असेल, तर तिची कामाआधीच्या बारा महिन्यांची आणि नंतरच्या बारा महिन्यांची बिलं इथे टाका, आणि त्यासोबत आधी प्रत्यक्षात किती दिवे लागत होते तेही लिहा. मी प्रत्येक आकडा तपासून इथेच उत्तर देईन.